पन्हळीसारखं पान

१२ मे

आजही काही नाही. पानांच्या बगलेत बोट घालून चाचपलं — फुलाच्या दांड्याचा मागमूस नाही. शेडनेटखाली टांगलेली सगळी व्हँडा ऑर्किडं फुललीत. निळ्या, जांभळ्या, एक तर चक्क विटकरी. आणि ही आमची लाडकी नुसती पानांवर पानं काढत बसलीय. पाणी आधी हिला, खत आधी हिला, आणि फुलायच्या नावाने शंख!

ह्यांनी केलेला हा शेवटचा संकर. त्या वेळची बाकीची रोपं पुरात गेली. हे एकटं वाचलं, कारण मी ते छातीशी धरून माळ्यावर नेलं होतं. झटका आल्यापासून ह्यांची वाचा गेली, उजवा हातही गेला. आता नवा संकर ह्यांच्या हातून व्हायचा नाही. म्हणून हे एक झाड ह्यांच्या डोळ्यांदेखत फुलावं, एवढंच माझं मागणं आहे. देवाकडे मागून झालं. आता झाडाकडेच मागते.

१३ मे

भिक्षूंना भात वाढून परत आले तोवर हे जागे होते. आलं घालून केलेली पेज भरवली. अर्धी हनुवटीवर आली, पण चेहरा बरा होता. मग खुर्ची शेडनेटखाली नेली.

आमची लाडकी टांगलीय त्या परडीपाशी नेलं की ह्यांचा डावा हात उठतो आणि बोट जातं कुंपणाकडे. रोजचं आहे हे. बाकी कुठल्याच झाडापाशी नाही, फक्त इथेच. चोराची भीती वाटत असणार. कालव्यापलीकडच्या बागेतून टांगलेल्या परड्या गेल्या होत्या, ते ह्यांनी ऐकलं होतं. "कुंपण नीट करून घेते हं," म्हटलं. ह्यांनी डोळे मिटले. ते मी हो असं धरलं.

१९ मे

कुंपण झालं. काटेरी तारेचे दोन पदर जास्तीचे ओढून घेतले. "आता मांजरसुद्धा यायचं नाही," मी ह्यांना म्हटलं. ह्यांनी बघितलं — आणि बोट पुन्हा तिकडेच! ओठ थरथरले. आता काय, कुत्रा पाळू?

कुंपणापलीकडे लमाई कपडे वाळत घालत होती. माझी जाऊ, भावजींची बायको. तिने त्या नव्या तारांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रिकामी बादली उचलून आत गेली. मला वाईट वाटलं. का वाटावं? इतकी वर्षं आमच्यात शब्द नाही.

२४ मे

दुपारी डोळा लागला. स्वप्नात सासूबाईंचं अंगण. त्यांचं ते जुनं झाड — गोल, काडीसारख्या पानांचं, खांबाला धरून छपरापर्यंत चढलेलं. ऊन तापलं की त्याच्या फुलांना वास यायचा. ताडगुळाचा पाक चुलीवरून उतरवायच्या बेतात असताना येतो, अगदी तो. असा वास मी दुसऱ्या कुठल्याच ऑर्किडला हुंगलेला नाही. स्वप्नात मी आणि लमाई त्याच्याखाली बसून पपनस सोलत होतो. ती पांढरी साल काढायची, मी फोडी मोकळ्या करायची. बोलत काहीच नव्हतो. वारा होता.

सासूबाई गेल्यावर झाड भावजींकडे गेलं. बुनसोंग भावजी थोरले, त्यांचा हक्कच होता. त्यांनी त्याचं कलम कुणाला दिलं नाही, त्याचा पराग कुणाला घेऊ दिला नाही. आईचं झाड आईचंच राहू दे, म्हणायचे. ह्यांना ते पटत नव्हतं. ज्या झाडाला असा वास आहे त्याचा संकर न करणं म्हणजे पाप, असं हे म्हणायचे. पण म्हणायचेच.

आणि मग ते सोंगक्रान. नववर्षाच्या सणाचं जेवण, सगळं घर जमलेलं. भावजी ताटावरून म्हणाले, आईच्या झाडाच्या एका फुलातली परागावरची टोपी उडालीय, पराग गेलाय, कुणी नेला ते मला माहीत आहे. बघत होते ह्यांच्याकडे. हे गप्प. मला वाटलं, अपमानाने गप्प आहेत. मग मीच उठले. बुद्धाच्या देव्हाऱ्यासमोर बसले आणि शपथ घेतली, की माझ्या नवऱ्याने त्या झाडाला हात लावलेला नाही. लमाईने माझा दंड धरला. "पिन, बस खाली. तू कशाला शपथ घेतेस?" मी तिचा हात झटकला आणि तिला जे बोलले ते इथे लिहायची इच्छा नाही. त्या आठवड्यात भावांनी मधे कुंपण घातलं.

जाग आली तेव्हा तोंडात पपनसाची चव होती, खरंच.

२ जून

इंगॉनचा बँकॉकहून फोन. लेक म्हणाली, "आई, त्याला फुलांचं खत दे, नाहीतर सरळ विकून टाक. एका झाडापायी किती जीव काढशील?" खत देऊन झालंय म्हटलं. पाणी तोडूनही झालंय. दोन्हीने पानंच वाढली.

परडीला बांधलेली, संकराचे आईबाप लिहिलेली पट्टी पुन्हा वाचली. ह्यांच्या बारीक अक्षरात — आई आपली चपट्या पानांची निळी, बाप बँकॉकच्या प्रदर्शनातला चपट्या पानांचा लाल. दोघंही सावलीत सुखाने राहणारे. मग ह्या पोरीला दुखतंय काय?

६ जून

पाऊस. हे दिवसभर झोपून. मीही लवंडले. पत्र्यावरचं पाणी ऐकत ऐकत मी कुठे होते कोण जाणे.

९ जून

आज ओल्या फडक्याने तिची पानं पुसत होते. पुसताना बोट पानाच्या मधोमध घसरत गेलं, पन्हळीतून पाणी जावं तसं. थांबले. पुन्हा फिरवलं. मग उठून शेजारच्या निळीचं पान पाहिलं — सपाट, रुंद, टोकाला उंदराने कुरतडल्यासारखं. हिचं तसं नाही. हिचं पान अरुंद, जाड, दुमडून अर्धवट गोल झालेलं. वर्षानुवर्षं पुसतेय हे पान! इतके दिवस मला वाटायचं, तब्येत बरी नाही म्हणून आकसलंय.

चपट्या आईला आणि चपट्या बापाला असं पान होत नाही. चपट्याशी गोल पानाचा संकर केला की असं अधलं-मधलं होतं. मग बाप गोल पानांचा. म्हणजे पट्टी खोटी!

आता ह्या बागायतदारांचं हे काही नवीन नाही. चांगला संकर केला की पट्टीवर भलताच बाप लिहायचा, म्हणजे बाग बघायला आलेला पाहुणा वाचेल आणि घरी जाऊन भलत्याच झाडावर प्रयोग करील. आमच्या भागातल्या निम्म्या पट्ट्या खोट्याच. हेही तसं करायचे, मला माहीत होतं. पण मला स्वतःला ह्यांनी कधी खोटी पट्टी वाचायला लावली असेल, हे डोक्यातच आलं नाही. उलट मी कुठलंही रोप हातात घेऊन पट्टी वाचू लागले की हे म्हणायचे, "पान बघ गं. पट्टी काय वाचतेस?"

ऐकलं असतं तर! गोल पानवाल्याला ऊन लागतं. भर ऊन. ते पान गोल झालंय तेच मुळी उन्हात पाणी धरून ठेवायला. त्याच्या लेकराला निदान त्याच्या निम्मं ऊन तरी हवं. आणि मी हिला कौतुकाने दाट सावलीत ठेवलंय, पहिल्या ओळीत, सगळ्यांत गार जागी. पानं लांब होतात, हिरवीगार होतात, मी खूश होते. ती बिचारी उजेड शोधत लांब होत होती.

१० जून

रात्री झोप आली नाही, पण आनंदाने.

गोल पानांचं झाड ह्या कुंपणात आहे की! माझं. माहेरून लग्नात आणलेलं, ओल्या गोणपाटात गुंडाळून. फिकट जांभळं, बिनवासाचं, इथे कुणाच्याही कुंपणावर असतं तसलं. हे आयुष्यभर त्याची टिंगल करत आले. "गवत लावलंयस," म्हणायचे. पाहुण्यांना सांगायचे, हे माझ्या बायकोचं हुंड्यातलं गवत. आणि बोट कुठे जातं रोज? कुंपणाकडे!

मी वेड्यासारखी हसले. मी काटेरी तारा ओढल्या आणि ते बिचारे सांगत होते, अगं हा बघ बाप, तुझं गवत!

गोल पानांचं अजून एक झाड आहे, कुंपणापलीकडे. पण त्याचा प्रश्नच येत नाही. त्याच्यासाठी मी शपथ घेतलीय.

संकराला नाव द्यायचं ते पहिलं फूल आल्यावर, ही ह्यांची रीत. तोवर विचारलं तरी सांगायचे नाहीत. निळीला थोरल्या आत्याचं नाव दिलं, विटकरीला इंगॉनचं. माझं कधी दिलं नाही. मीही मागितलं नाही, पण वाटायचं. आता कळलं की माझं नाव ह्यांनी राखून ठेवलं होतं. साठीला आलेली बाई मी, आरशात बघून लाजले.

११ जून

ह्यांना सांगितलं. "तुमची लबाडी समजली मला. बाप कुठला ते कळलं." हे माझ्याकडे बघतच राहिले. मग डोळ्यांतून पाणी. मी पदराने पुसलं आणि म्हटलं, "माझ्या गवताची लेक ना?" ह्यांनी मान हलवली. झटक्यानंतर ह्यांची मान हो म्हणताना आणि नाही म्हणताना सारखीच हलते. पण डोळ्यांत पाणी होतं, अजून काय हवं?

१२ जून

एकदम उन्हात टांगली तर करपेल. आज शेडनेटच्या कडेला आणली. आता हळूहळू बाहेर.

३ जुलै

परडी आता कुंपणाच्या खांबावर, उघड्यावर. दोन पानं पिवळी पडली. एकावर भाजल्याचा डाग, नाण्याएवढा. इंगॉनने फोटो पाहिला, म्हणाली मारशील तिला. हे एवढंच तर आहे ह्यांच्या हातचं.

पलीकडे लमाई आली होती कोंबड्यांना दाणे टाकायला. मला बोलली नाही. कोंबड्यांना बोलली, पण माझ्याकडे ऐकू येईल अशा आवाजात. "आमच्या सासूचं झाडही उन्हात आणलं तेव्हा असंच पिवळं पडलं होतं. मग धरलं त्याने. कोणी घाबरून आत नेऊ नये म्हणजे झालं."

इतक्या वर्षांत तिचा पहिला शब्द, तोही कोंबड्यांच्या नावाने! बरं वाटलं आणि रागही आला. सासूबाईंचं झाड कशाला काढायचं मधे?

परडी आत नेली नाही.

११ जुलै

ह्यांना ताप. परडीकडे गेलेच नाही.

२० ऑगस्ट

नवं पान! आखूड, कडक, पिवळसर हिरवं, बुडाशी जांभळे ठिपके. आधीच्या सावलीतल्या लोंबत्या पानांच्या शेजारी हे असं ताठ. एकाच झाडाची पानं वाटत नाहीत. मुळांची टोकं हिरवीगार झालीत. भाजलेलं पान गळून गेलं, त्याचं दुःख नाही.

दुपारी कुंपणाशी खुर्ची टाकून बसले. ऊन पाठीवर. ह्यांची खुर्ची शेजारी. दोघंही पेंगलो. मधेच वाटलं की मीच परडीत बसलेय, पाय हवेत सोडून, आणि कुणीतरी मला हळूच उन्हात सरकवतंय.

१४ सप्टेंबर

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. जपा म्हणाले. जपतेच आहे. बँकॉकहून आलेली इंगॉन बाहेर आल्यावर रडली, मी नाही रडले. माझं लक्ष परडीत. लवकर कर गं बाई. तू आयुष्यभर फुलशील, ह्यांना तेवढा वेळ नाही.

८ ऑक्टोबर

बगलेत टोक आलंय. मूळ की दांडा? मूळ असेल तर चकचकीत, गोल. हे टोक जरा चपटं आहे. हात लावायची हिंमत नाही.

११ ऑक्टोबर

वर वळलंय. मुळं खाली जातात. दांडा आहे! दांडा आहे! ह्यांच्या कानात सांगितलं. ह्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. पेज करपली.

५ नोव्हेंबर

कळ्या धरल्या.

लॉय क्रथाँगसाठी, पाण्यात दिवे सोडायच्या सणासाठी, केळीच्या बुंध्याची चकती कापून दिवा तयार केला. पूर्वी मी आणि लमाई एकाच बुंध्याचे दोन करायचो, ती पानं दुमडायची आणि मी टाचण्या मारायची. संध्याकाळी कालव्याच्या पायरीवर सोडायला गेले तर ती तिच्या पायरीवर. दोन्ही दिवे पुढे जाऊन वळणावर एकमेकांना लागले आणि तसेच बरोबर गेले. आम्ही दोघी बघत होतो. ती हसली का? अंधार पडत होता, नक्की सांगता येत नाही. शपथ घेतली नसती तर तेव्हा हाक मारली असती.

हे आज बिछान्यातच होते.

२ डिसेंबर

उमललं!

जांभळं! माझंच जांभळं! जरासं गडद, पाकळ्या निळीसारख्या भरदार, पण रंग माझ्या माहेरचा. नाक खुपसून हुंगलं — वास नाही. माझ्या झाडालाही नाही. हिशेब चोख जुळला!

ह्यांना कसंबसं खुर्चीत घालून बाहेर आणलं. बघितलं ह्यांनी. दिसलं ह्यांना. आता मला काही मागायचं नाही. "नाव काय ठेवायचं?" विचारलं. म्हटलं, मीच सांगू का? हे फुलाकडे बघत राहिले, माझ्याकडे नाही. थकले असतील. बोट तेवढं थोडं उचललं, कुंपणाकडे, आणि हात मांडीवर पडला.

४ डिसेंबर

न्याहारी करून बसलो होतो. ऊन तापलं. ताडगुळाचा वास आला. म्हटलं, कोण पाक करतंय ह्या वेळी? मग उठले आणि परडीपाशी गेले. फुलातून येत होता. वास धरायला त्याला दोन दिवस लागले होते, एवढंच.

पलीकडे लमाई ओला पंचा हातात तसाच धरून उभी. तिलाही आला होता.

ह्यांचा हात उठला. बोट माझ्या गवताकडे नव्हतंच. कधीच नव्हतं. त्याच्या वरून, तारांवरून पलीकडे जात होतं. मी विचारलं, "तुम्हीच नेला होता?" ह्या वेळी ह्यांनी डोळे मिटले नाहीत, सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. तेच हो होतं.

पक्कड आणली. तारा तुटता तुटेनात, मीच घट्ट ओढून घेतल्या होत्या. परडी घेऊन पलीकडे गेले आणि सासूबाईंच्या झाडाच्या खांबाला टांगली. भावजी ओसरीवर येऊन उभे राहिले. माझी शपथ खोटी होती हे सांगायला मी हात जोडले. लमाईने माझा दंड धरला.

"पिन, बस खाली."

बसले.